दाजींचं नाक

गॅसच्या टाकीवर आमच्या थोरल्या दाजींइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. लातूरला अक्काकडे गेलं की चहाच्या आधी टाकीचं दर्शन. दाजी तिच्यावरून ओलं फडकं फिरवतात आणि बघत बसतात. वरचा ओलावा लगेच सुकतो, खालचा रेंगाळतो. जिथं रेंगाळतो तिथपर्यंत गॅस. तिथं खडूनं रेघ. "आणखी अकरा दिवस. पुरण घातलं तर नऊ," असा निकाल देतात, आणि अक्का मुद्दाम पुरण घालते. नवी टाकी घेऊन येणाऱ्याला ते उंबऱ्यातच अडवतात, झाकण काढून आतलं रबरी वायसर करंगळीनं चाचपतात, जोडल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधतात. अर्थात, फेस बाकीच्यांच्या समाधानासाठी. दाजींचा खरा भरवसा स्वतःच्या नाकावर. शेजारणीची उघडी राहिलेली शेगडी त्यांनी आपल्या अंगणात बसून ओळखली होती.

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवतो, आणि आमच्या घरची टाकी बायको बदलते. मागच्या हिवाळ्यात दाजी आले असताना नेमकी टाकी संपली, बायको बाजारात. अब्रूचा प्रश्न होता. सर्दीनं बेजार असूनही मी नवी टाकी बसवली. दाजी तिथंच पाटावर पेपर वाचत होते. शेगडी पेटवणार, तेवढ्यात बायको आली ती ओरडतच. "अहो, थांबा! केवढा वास सुटलाय! दोन-दोन माणसं बसलीत, नाकं हायेत का न्हाईत?" तिनं रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. टाकीत वायसरच नव्हतं.

एरवी दाजींनी मला आठवडाभर सोललं असतं. ते नुसते पेपरची घडी करत राहिले. बायको आत गेल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्हाला सर्दी हाय. मला न्हाई."

पावसाळ्यातल्या तापानं वास गेला तो आलाच नव्हता. "अक्काला बोलू नका. माझ्या नाकाच्या भरवशावर ती बिनघोर ऱ्हाती." मी म्हटलं, "म्हणूनच सांगा, दाजी." त्यांनी घडी केलेला पेपर पुन्हा उघडला.

महिन्याभरानं लातूरला गेलो. ओलं फडकं झालं, रेघ झाली, फेस मात्र दोनदा झाला. मग दाजींनी दाराकडं बघून मला टाकीजवळ वाकवलं. "घ्या वास." मी जीव ओतून घेतला. "काही नाही, दाजी."

"मला बी न्हाई आला," दारातून अक्का म्हणाली. "सकाळपासून तीनदा घेतलाय."

दाजींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "तुला कवा कळलं?"

"पुरणाची डाळ करपली व्हती. तुम्ही चार पोळ्या खाल्ल्या अन् नावं ठेवली न्हाईत."

दाजींनी त्या खडूच्या रेघेकडं बघितलं. मग म्हणाले, "नऊ दिवस जातील. घाल पुरण."