न कळलेल्या पार्टांचा ढीग

नवऱ्याचा पासपोर्ट आला त्याच महिन्यात मी मशीन घेतलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. कोणाचा विश्वास बसत नव्हता, सासूचा तर मुळीच नाही.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमचं घर गिरीजला, केळीच्या वाडीत. घरामागे नवऱ्याची सुतारकामाची शेड. ती सासऱ्यांनी उभी केलेली, वर कौलं आणि तीन बाजूंना कूड. दारं, खिडक्या, चर्चमधले बाक आणि कोणी वारलं की शवपेटी, एवढं सगळं तिथे हाताने व्हायचं. काम चोख होतं, पण तिकडे तुळिंजला इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि त्यांना दारांच्या चौकटी गाडी भरून लागत होत्या, त्याही लगेच. एक बिल्डर नवऱ्याला तोंडावर म्हणाला, "मिस्त्री, तुमची चौकट येईपर्यंत माझं गिऱ्हाईक म्हातारं होईल." नवरा हसला आणि घरी येऊन जेवला नाही.

गावातले सुतार, वेल्डर, ड्रायव्हर एकेक करून गल्फला निघाले होते. सुट्टीवर आले की खांद्यावर टू-इन-वन रेडिओ असायचा आणि अंगाला अत्तराचा वास. नवरा त्यांच्याकडे जाऊन बसायचा, परत आला की गेटपाशी उभा राहायचा. आत येत नाही आणि बाहेरही जात नाही, असा. 'मला जायचंय' असं तो कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, "इथे हातांना कोण विचारतं?" मुंबईतल्या एका एजंटाकडे त्याने नाव घातलं होतं. बोलावणं कधीही येईल, असं कळवलं होतं. ते 'कधीही' आमच्या घरात येऊन बसलं. पोस्टमनची सायकल वळणावर वाजली की तिघंही हातातलं काम सोडून ऐकायचो.

मी हिशेब साधा केला. हात कमी पडतात ना, मग हात आणू. माझा भाऊ मुंबईत फर्निचरच्या धंद्यात होता. एक कारखाना बंद पडला असून तिथलं जुनं मशीन भंगारात चाललंय, असं त्याच्याकडून कळलं. रंधा मारणारं, कापणारं आणि खाच पाडणारं, तिन्ही एकाच अंगात. पैसे मी उभे केले. नवऱ्याला सांगितलं ते लॉरी गेटपाशी आल्यावर.

"हे काय आणलंस?"

"हात."

तो बराच वेळ लॉरीभोवती फिरला. मग माडाचे ओंडके आणायला गेला. त्या ओंडक्यांवरून ढकलत आम्ही मशीन शेडमध्ये नेलं.

मशीन म्हणजे गंजलेला ओतीव लोखंडाचा मोठा ठोकळा होता. पाटीवरची अक्षरं झिजलेली, आणि जी उरली होती ती कोणत्या भाषेतली हेही कळेना. पुली नव्हती, पट्टा नव्हता, टेबल वरखाली करायची मूठ नव्हती. लाकूड सरळ राहावं म्हणून लावायची आडपट्टीही नव्हती. बरोबर एक गोणपाट आलं होतं, सुट्या भागांनी भरलेलं. कारखान्यातल्या वॉचमनने भावाला सांगितलं होतं, "जे खाली पडलं होतं ते सगळं यात टाकलंय."

फिटर बोलावला तो वाडीतल्या विहिरींचे पंप दुरुस्त करणारा. दुसरा होता कोण? तो पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातला. त्याने मशीनला एक फेरी मारली, बोटाने गंज खरवडला आणि म्हणाला, "वहिनी, मला पानी काढायचं मशीन कळतं. ह्याच्यातून काय काढायचंय?"

"दारं."

"मग मोटर तरी वळखीची आहे," असं म्हणून तो बसला.

पुढचे कित्येक दिवस शेडमध्ये रॉकेल, गंज आणि विडी यांचा वास होता. मी रॉकेलच्या फडक्याने टेबल घासत होते. नख आत जाईल एवढा गंज होता. हात चालू असले की मला बरं वाटायचं. थांबले की पोस्टमन आठवायचा. फिटर आणि नवरा दोघांनी गोणपाट जमिनीवर ओतून दोन ढीग केले, कळलेल्या पार्टांचा आणि न कळलेल्यांचा. कळलेला ढीग हळूहळू मशीनवर चढला. पुली एका मोडक्या पंपाची मिळाली. वरखाली करायच्या मुठीच्या जागी सायकलच्या पायडलचा दांडा वेल्डिंग करून बसवला. तो फिरवताना नवरा म्हणायचा, "चला, आगाशीच्या बाजाराला." आडपट्टी त्याने जुन्या सागाची स्वतः केली. लोखंडाची असती तरी इतकी सरळ झाली नसती, असं मी म्हणाले. त्या दिवशी तो गेटपाशी गेला नाही.

न कळलेला ढीग तसाच राहिला. दोन स्प्रिंगा, एक पितळी चकती, पत्र्याची टोपी आणि एक पातं. हे पातं वेगळंच होतं. चंद्रकोरीसारखं वळलेलं, जाड, खाली लांबट खाच. दात नाहीत, धार नाही. फिटरने ते उलटसुलट करून पाहिलं. "पंपात असं काय नसतं," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

सासू दारात उभी राहून पाहत होती. तिच्या विळीचं पातं खिळखिळं झालं होतं आणि त्यावरून रोज एकदा तरी ऐकायला मिळायचं. ती म्हणाली, "ती विळी आहे."

"आई, मशीनला विळी कशाला लागेल?"

"मशीनला नाही लागत. मला लागते."

नवऱ्याने दगडावर त्याला धार काढली आणि फणसाच्या पाटाला बोल्ट मारून ते बसवून दिलं. पातं खरंच छान निघालं. रावसाचं डोकं एका दाबात सुटायचं. सासू शेजारणींना बोलावून दाखवायची, "फॉरेनची आहे."

मशीन चालू झालं त्या दिवशी फिटरने उदबत्ती लावली, सासूने क्रुसाची खूण केली आणि मी बटण दाबलं. पट्टा थोडा फडफडला, मग घुमू लागला. रंधा मारून निघालेली पहिली फळी हातात घेतली तेव्हा ती कोमट लागली. नवऱ्याने तिच्यावर गाल टेकवून एका डोळ्याने रेषा पाहिली आणि फिटरकडे दिली, फिटरने माझ्याकडे. आम्ही तिघांनी मिळून ती उगाचच बराच वेळ पाहिली. तुळिंजच्या त्या बिल्डरला निरोप गेला. तो म्हणाला, सोमवारी नमुन्याची एक चौकट आणा, मग बघू.

त्या चौकटीसाठी बिल्डरने पाठवलेलं लाकूड अर्धवट ओलं होतं. मशीनच्या गोल करवतीवर पहिली जाड फळी उभी चिरायला घेतली. अर्ध्यापर्यंत ठीक गेली. मग करवतीचा आवाज बदलला, दाबल्यासारखा झाला, आणि एकदम दणका बसला. फळी नवऱ्याच्या कमरेला चाटून मागे उडाली, कूड फोडून बाहेर गेली आणि केळीच्या एका खुंटाला आडवं करून थांबली. मी बटण बंद केलं. नवऱ्याच्या शर्टाची एक बाजू फाटली होती आणि खाली कातडी लाल झाली होती. एवढंच.

तो उंबऱ्यावर बसला.

"हे माणूस मारणार," तो म्हणाला.

"लाकूड ओलं होतं."

"तुळिंजला सगळं लाकूड ओलंच येणार. गल्फला निदान दुसऱ्याचं मशीन असेल."

फिटर कुडाच्या भोकातून बाहेर बघत होता. "पंप कधी असं करत नाय," तो म्हणाला. त्या क्षणी त्याने गप्प बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून एजंटाकडे मुंबईला गेला. जाताना मशीनकडे पाहिलंही नाही. मी भांडी घासली, अंगण झाडलं, परत झाडलं. सोमवार जवळ आला होता. चौकट हाताने झाली तर हाताने, पण द्यायची, असं ठरवून शेडमध्ये गेले. ती अर्धी चिरलेली फळी सुतारी घोडीवर बांधली आणि मोठी करवत घेतली.

लाकूड चिरायचं काम मला नवं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा सासरे आणि नवरा दोन टोकांना धरून ओंडका चिरायचे. घरातल्या बाईचं काम मध्ये बसून पाचर ठोकायचं. करवत पुढे गेली की मागची चीर मिटायला लागते आणि करवतीला धरते. मग तिथे लाकडी पाचर मारायची, चीर उघडी ठेवायची. करवत पुढे सरकली की पाचरही पुढे. नव्या नवरीला या घरात दिलेलं ते पहिलं काम. त्याआधी मला कोणी चहासुद्धा करू दिला नव्हता.

वीतभर चिरलं आणि करवत अडकली. ओल्या लाकडाने दोन्ही बाजूंनी धरली होती. सवयीने मी कोपऱ्यातली पाचर उचलली, चिरेत ठोकली. करवत सुटली. आणि मी हातोडी हातात धरून तशीच उभी राहिले.

हाताच्या करवतीला पाचर मारणारं माणूस लागतं. मग मशीनच्या करवतीला पाचर कोण मारत होतं?

मशीनपाशी गेले. करवतीच्या मागे एक लहानसा लोखंडी खुंट होता, त्यात बोल्टसाठी आटे पाडलेली दोन भोकं. त्यात काय बसत असेल, हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. खुंटावरचा गंज मी स्वतः घासला होता. पण एका लांबट जागी गंज नव्हताच, मूळचा हिरवा रंग तसाच शाबूत होता. तिथे वर्षानुवर्षं काहीतरी झाकून बसलं होतं. खाली तेवढीच लांबट खाच असलेलं पातं मला चांगलं ओळखीचं होतं. त्याच्यावर मी आदल्याच दिवशी बोंबील साफ केले होते.

स्वयंपाकघरात सासू पाटावर बसून सुरमई कापत होती.

"आई, उठा."

"अर्धी राहिलीय."

"उठा. विळी पाहिजे."

"तुला काय कापायचंय?"

"विळी नाही ती. मशीनची पाचर आहे."

"आता मशीनची झाली? इतके दिवस ढिगात पडली होती तेव्हा कोणाची होती?"

मी पाना घेऊन खाली बसले. तिने पाय हलवला नाही. पातं तिच्या आणि माझ्या मध्ये, त्यावर सुरमईचं रक्त.

"ह्याने तो थांबणार आहे का?" तिने विचारलं. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या उघडपणे कोणी बोललं नव्हतं.

"माहीत नाही."

तिने पाय काढला. "धुऊन ने," ती म्हणाली. "मशीनला वास येईल."

पातं खुंटावर बसलं. करवतीच्या मागे, तिच्या गोलाईला गोलाई लावून, बोटभर अंतरावर. करवतीपेक्षा किंचित जाड, म्हणजे चीर मिटूच देणार नाही. फिटरला बोलावून ओळंब्याने सरळ करून घेतलं. तो पातं बघून म्हणाला, "हिला धार कोनी लावली?" मी म्हणाले, "तुम्ही पंपच बघा."

नवरा संध्याकाळी आला. एजंटाने परीक्षेचा दिवस दिला होता. सुतारांना काम करून दाखवावं लागे, मग निवड. मी त्याला चहा दिला आणि शेडमध्ये नेलं. त्याने पात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली जुनी पाचर उचलून पात्याशेजारी धरली. काही समजावून सांगावं लागलं नाही. उरलेली ओली फळी त्याने बाजूला उभं राहून चिरली. चीर पात्याच्या दोन्ही अंगांनी उघडी राहिली आणि फळी शांतपणे पलीकडे गेली.

सोमवारी चौकट तुळिंजला पोहोचली. बिल्डरने गुण्या लावून कोपरे पाहिले आणि एका मजल्याचं काम दिलं. मला वाटलं, गल्फचं संपलं. चार-पाच दिवस घरात सगळे मोकळे बोलत होते.

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याने पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. "नाव घातलंय, तर बघून येतो," तो म्हणाला. मी डबा दिला.

परत आला तो गेटपाशी न थांबता थेट आत. डोळे चमकत होते. "अगं, त्यांच्याकडे करवतीचं मशीन होतं आणि मागची पाचर काढून भिंतीला टांगलेली. आधीचे सगळे तसेच कापायला लागले. मी म्हटलं, आधी ती लावा, मग हात लावतो. तो साहेब हसला. म्हणाला, इतक्या माणसांत विचारणारा तू पहिला." तो पुनःपुन्हा सांगत होता. शेडमध्ये इतकी वर्षं काम करून तो असा कधी बोलला नव्हता. सासू माझ्याकडे बघत होती. मी भात वाढत होते.

"पास?" मी विचारलं.

"पास."

जाणार की नाही, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बिल्डरचं काम चालू होतं. रोज वाटायचं, आज बोलेल. पोस्टमनच्या सायकलकडे आता कोणी लक्ष देत नव्हतं, तरी मला बसवेना. मग एका सकाळी त्याने मला शेडमध्ये हाक मारली.

"इकडे ये. पट्टा असा काढायचा. आधी मेन स्विच, मग हात. रंध्याची पाती दर आठवड्याला बाहेर काढायची, दोन्हींची उंची सारखी आहे ना बघायचं."

मी ऐकत होते.

"फळीच्या सरळ मागे उभं राहायचं नाही. बाजूला. पाचर लावलेली असली तरी."

"किती वर्षं?" मी विचारलं.

त्याने पायडलचा दांडा थोडा फिरवून टेबल खाली घेतलं. "दोन," तो म्हणाला. "दाखव आता तू करून."

मी पदर खोचला, बाजूला उभी राहिले आणि बटण दाबलं. पहिली फळी थोडी तिरकी गेली. दुसरी सरळ आली.

सासूसाठी मी आगाशीच्या बाजारातून नवी विळी आणली. ती फॉरेनची नाही, हे ती मला शेवटपर्यंत ऐकवत राहिली.