अंगठ्याएवढा उंचवटा

चर्चच्या मागच्या अंगाला एक अडगळीची खोली आहे. मोडकी बाकं, रंगाचे रिकामे डबे, वापरात नसलेला पंखा, असला सगळा संसार तिच्यात कोंबलेला. दर शनिवारी दुपारी भिंगकाका तिथे जायचे. काखेत थर्मास आणि पिशवीत दोन कप. दोनच का, म्हणाल, तर कधीकाळी आठ लागायचे, पण ते पुढे सांगतो.

त्यांचं खरं नाव विचारलंत तर पाळकसाहेबांनाही डोकं खाजवावं लागेल. चष्म्याच्या काचा घासण्यात उभा जन्म गेला, म्हणून भिंगकाका. आता काचा मशीनवर घासून तयार येतात. मालकाने काकांना काढलं नाही, एवढी माणुसकी ठेवली. पण काम उरलं ते ढिले स्क्रू पिळण्याचं आणि नाकाशी टेकणारे रबर बदलण्याचं. राहायचं दुकानाच्याच माळ्यावर. लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, आधी आईचं आजारपण, मग बहिणीचं लग्न, आणि मग एक दिवस बघतात तर सगळे काका म्हणायला लागलेले! जेवायचे ते ओट्याशी उभ्यानेच. एकट्यासाठी ताट कोण मांडतो?

रविवारी उपासना सुटली की लोक विचारायचे, ''काय काका, बरं आहे ना?'' आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरायचे. एकदा काकांनी मुद्दाम ''नाही'' म्हणून बघितलं. ''छान, छान,'' म्हणत समोरचा गेलासुद्धा. घ्या! त्या दिवसापासून काका नुसते हसायला लागले.

छंद म्हणावा असा एकच, दुर्बिणीचा आरसा हाताने घासण्याचा. दोन जाड गोल काचा घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या दगडाची, पूड आणि पाणी टाकायचं, आणि दुसरी वर ठेवून पुढे-मागे, पुढे-मागे घासत पिंपाभोवती चालत राहायचं. बस. महिनोन् महिने. वरची काच आपोआप खोलगट होत जाते, आणि त्या बोटभरही नसलेल्या खोलीत पुढे अख्खा चंद्र मावतो.

पाळकसाहेब एकदा वैतागून म्हणाले होते, ''तरुण संघाची पोरं प्रार्थनेला बसली की जांभया देतात हो काका. तुम्ही काहीतरी करा.'' काकांनी पिंप मांडलं. सात पोरं-पोरी आली. काका काही उपदेशक नव्हते, चार वाक्यं सलग बोलायची म्हणजे त्यांना घाम फुटायचा. पण काच हातात आली की त्यांना वाचा फुटायची. ''बोलू नका. पूड कापतेय तोवर खरखर ऐकू येते, पूड संपली की आवाज बदलतो. बडबडत राहिलात तर कळणारच नाही. देवाचंही तसंच आहे.'' हे झालं मौन. ''जोर लावायचा नाही. काचेचं वजन पुरे आहे. हाताला आवर घाला.'' हा झाला उपास. आणि जाड पुडीवरून बारीक पुडीवर जायच्या आधी सगळं धुऊन काढायचं, काच, पिंप, हात, नखं, बाह्यासुद्धा. ''जाड पुडीचा एक कण मागे राहिला तर पुढचं सगळं काम ओरखडतं. कुठे राहिलाय ते आपल्यालाच ठाऊक असतं. लपवायचा नाही.'' ही कबुली. पोरं धुता धुता खरंच गप्प व्हायची, आणि एखादं मग प्रार्थनेत हळूच काहीतरी कबूलही करून टाकायचं.

आणि सगळ्यात शेवटचं, ''हातात घेतलेलं अर्ध्यावर टाकायचं नाही.'' हे मात्र कोणाला मानवलं नाही. एकाला नोकरी लागली, एकीचं लग्न ठरलं, दोघांना क्रिकेट जास्त प्रिय. सातांचे चार, चारांचे दोन, दोनांची एक. काका पिशवीतला एकेक कप कमी करत गेले.

राहिली टकळी. शिवणकाम करणाऱ्या बाईंची ही मुलगी, नुकतीच बारावी झालेली. नाव पडलं ते काही उगाच नाही. तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही. मौनाच्या पहिल्या दिवशी ती काकांना विचारत होती, ''काका, मौन सुरू झालं का? अजून नाही? आता झालं का?'' अशी पोरगी टिकेल असं काकांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण तीच टिकली. पिंपाभोवती चालता चालता तिची टकळी हळूहळू थांबायला लागली, आणि खोलीत नुसती खरखर उरायची. त्या खरखरीत दोन माणसं आहेत, एवढंच काकांना हवं असायचं. मग चहा. मग पुन्हा टकळी सुरू, आईने काय शिवलं, कोणाचं माप चुकलं, कोणतं गिऱ्हाईक भांडलं. काका आठवडाभर तेच मनात घोळवत राहायचे.

तर हा आरसा पुरा व्हायला आला. काकांच्या हाताखाली पुरा होणारा पहिलाच. राळेच्या थाळीवर लाल पूड लावून चकचकीत करण्याचं काम संपत आलं, आणि तपासणी सुरू झाली. तपासणी म्हणजे अशी. खोलीत अंधार करायचा. एका टोकाला काच उभी करायची, दुसऱ्या टोकाला दिव्यावर बारीक भोक पाडलेला डबा. काचेवरून परत आलेला उजेड जिथे एकवटतो तिथे डोळा लावायचा आणि दाढीचं ब्लेड हळूच आडवं सरकवायचं. की काचेवर सावल्या पडतात, आणि एरवी कशानेही न दिसणारे चढउतार डोंगरदऱ्यांसारखे उभे राहतात. इतकं नाजूक प्रकरण, की काचेवर अंगठा थोडा वेळ टेकवून ठेवला तर नुसत्या उबेने तिथे टेकडी उठलेली दिसते. काच निवली की टेकडी उतरते. म्हणून काच मांडली की थांबायचं, आणि हात लावायचा नाही.

एका शनिवारी टकळी बादलीत हात धूत होती. काकांनी आधीच डोळा लावून बघितलं. आरसा झाला होता. कुठे चढ नाही, उतार नाही. असा आरसा आयुष्यात एकदा होतो.

''काय म्हणतोय काका? झाला का?'' ती तिकडून ओरडली. ''झाला की मी सुटले! आई रोज विचारतेय.''

सुटले. ती आपली सहज बोलून गेली. पण काकांना पुढचा शनिवार दिसला, आणि त्याच्या पुढचा. थर्मास आणि एक कप. ते काचेपाशी गेले आणि, काय सांगू तुम्हाला, त्यांनी बरोबर मध्यावर अंगठा टेकवला. चांगला दाबून धरला. मग म्हणाले, ''ये, बघ. मध्ये अजून उंचवटा आहे.''

तिने बघितलं. होता की उंचवटा! ''अरेच्चा. हा कुठून आला?''

''पुरे, डोळा दमतो,'' म्हणत काकांनी तिला बाजूला घेतलं, टेकडी उतरायच्या आत.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. अंगठा दाखवणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आणि एकदा करून माणूस थांबतो थोडाच! टकळी बिचारी नसलेला उंचवटा घासत राहिली. काच मध्येच घासली गेली, तसा तिथे खरोखरच खड्डा पडायला लागला. आता तो खड्डा झाकून वर टेकडी दाखवायची, म्हणजे अंगठा आणखी वेळ धरायला हवा. काका धरत गेले. शनिवारमागून शनिवार चहा दोन कपांत ओतला जात राहिला. घरी मात्र प्रार्थनेला बसले की शब्दच येईनात. जाड पुडीचा कण कुठे राहिलाय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग एक दिवस टकळीची आई दुकानात आली. चष्म्याची दांडी ढिली झाली होती. काका स्क्रू पिळत असताना म्हणाल्या, ''काका, रागावू नका, पण तुमची ती काच व्हायची तरी कधी? पोरीला नर्सिंगला जागा मिळालीय, दुसऱ्या शहरात. सोमवारी हजर व्हायचंय. नाही गेली तर जागा दुसरीला जाईल. मी म्हणते जा, तर ही म्हणते, हातातलं अर्ध्यावर टाकायचं नाही, काकांनी शिकवलंय. तीन वेळा भांडण झालं आमचं.'' चष्मा घालून बाईंनी दुकानातल्या आरशात बघितलं. ''एवढी हट्टी कसली हो ती काच?''

काका म्हणाले, ''होईल. या शनिवारी होईल.'' पैसे घेतले नाहीत. बाई गेल्यावर स्क्रूची डबी हातातून सांडली, ते स्क्रू वेचायला त्यांना अख्खी दुपार लागली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते त्यांना त्या जमिनीवर गुडघे टेकून कळलं. पोरीची जागा जाणार होती, आणि तिच्या आड दुसरंतिसरं काही नव्हतं, त्यांचा अंगठा होता.

शनिवारी ते म्हणाले, ''आज काच तू मांड. मी हात लावणार नाही.''

तिने मांडली. दोघं गप्प बसून राहिले, काच निवेपर्यंत. मग तिने डोळा लावला, ब्लेड सरकवलं, मागे नेलं, पुन्हा सरकवलं.

''काका, उंचवटा नाहीये. इथे तर खड्डा आहे.''

''उंचवटा कधी नव्हताच,'' काका म्हणाले. ''तो माझा अंगठा होता. आरसा कधीच झाला होता.''

''म्हणजे?''

''तू बघायच्या आधी मी अंगठा टेकवायचो. दर वेळी.''

''का पण?''

आता चार वाक्यं सलग बोलणं भाग होतं. घाम फुटला. ''तू सुटले म्हणालीस. आरसा झाला की तू येणार नव्हतीस. मला दुसरं कोणी नाही गं. शनिवारचं बोलणं मी आठवडाभर पुरवतो.''

ती टकळी, जिच्या तोंडाला कुलूप लावायला काकांना वर्ष लागलं होतं, ती अशी गप्प झाली की काकांना खोलीतला दिवा गुणगुणतोय हे पहिल्यांदा ऐकू आलं. मग ती म्हणाली, ''मी आईशी भांडले. तुमच्या काचेसाठी.''

''हो.''

''मला वाटत होतं माझ्याच हातात काहीतरी खोट आहे. घरी प्रार्थनेत मी तेच मागत होते काका. माझा हात सुधारू दे म्हणून. रोज.''

''क्षमा कर,'' काका म्हणाले.

तिने ओढणी उचलली, चपला घातल्या. दारापर्यंत गेली. काकांनी मान खाली घातली होती. पावलं परत आली ती काचेकडे गेली. तिने सगळा तळहात काचेवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. रागाने नाक लाल झालं होतं, डोळे वाहत होते, पण हात हलला नाही.

''हा माझा,'' ती म्हणाली, आणि बाकावर येऊन बसली. ''बघा. हा उतरेपर्यंत थांबते, मग जाते. उद्या निघायचंय, सामान बांधायचंय. मी बघणार नाही. तुम्हीच सांगा उतरला की.''

काकांनी डोळा लावला. पाच बोटांसकट मोठा डोंगर उभा होता काचेवर. इतका मोठा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मागे ती बसली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. दोन्ही कप पालथेच होते. बोटांचे सुळके आधी विरले. मग तळहात बसत गेला. काकांना वाटलं, सावकाश, देवा, सावकाश. पण काच कोणाचं ऐकत नाही. डोंगराची टेकडी झाली, टेकडीची नुसती फुगी, आणि तिच्या खालून त्यांचा खड्डा स्पष्ट वर आला.

आणखी थोडा वेळ आहे म्हटलं असतं तरी तिला कळणार नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती.

''उतरला,'' काका म्हणाले.

ती उठली. ''खड्डा निघेल का?''

''निघेल. सगळं पहिल्यापासून घासायला लागेल. मी घासतो.''

''अर्ध्यावर टाकू नका,'' ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन गेली.

काकांनी दिवा मालवला, खिडकी उघडली, बादलीत पाणी भरलं. बाह्या वर केल्या आणि काच धुवायला घेतली, मग पिंप, मग हात, मग नखं.