सरावाच्या सामन्यातला नऊ नंबर

गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या मालकाला खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता फक्त बँकेत सापडेल, बाकी सगळे त्याला कोच म्हणतात. कोचनं जन्मात एकदाच फुटबॉलला पाय लावला, आणि तोही बॉल स्वतःहून येऊन नडगीवर आदळला म्हणून. पण शहराच्या टीमचं यंदा काय होणार हे सीझनच्या आधी विचारायचं कोणाला, तर कोचला. आणि सीझन संपल्यावर ते का झालं नाही, हेही त्यालाच विचारायचं.

टीमबद्दल थोडं सांगायला हवं. जास्त सांगण्यासारखं काही नाही. गेल्या वर्षी ती खालून दुसरी आली. तिच्याही खाली जी टीम होती, तिनं बंदी घातलेला खेळाडू खेळवला म्हणून तिचे गुण कापले होते, नाहीतर आपली टीम थेट तळाला असती. त्या दिवशी कोचनं सगळ्या गल्लीला चहा पाजला आणि सांगितलं, "बघा, अशा वेळी कळतं, शिस्त कोणाकडे आहे ते."

मैदानात खेळाडू सरावाला उतरले की कोचला पालवी फुटायची. या दिवसांत त्याला कोणी हरवू शकत नसे. गुणतक्त्यात सगळ्यांसमोर शून्य, म्हणजे आपण पहिल्या नंबरच्या बरोबरीत, असा त्याचा हिशेब. जुनाच प्रशिक्षक राहिला तर कोच म्हणायचा, "सातत्य लागतं हो." नवा आला तर, "बदल हवाच होता." गोलकीपर म्हातारा असेल तर अनुभव, पोरगेला असेल तर जोश. चांगला खेळाडू दुसऱ्या टीमनं पळवला, तर तो होता म्हणूनच बाकीचे दबून खेळत होते. कोणताही प्रशिक्षक आणा, पळसाला पानं तीनच, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. पण ते कोचला तोंडावर सांगणार कोण? तो भाषण सुरू करायचा तेव्हा ऐकणाऱ्याच्या नाकावर नंबर तपासायची ती जड लोखंडी फ्रेम असायची, आणि ती घालून माणसाला उठून जाता येत नाही.

"हे भिंग स्पष्ट की हे?" कोच विचारायचा.

"दुसरं."

"तेच म्हणतो मी. गेल्या वर्षी तीन बचावपटू होते, यंदा चार. चित्र किती स्पष्ट झालं बघा."

यंदा मात्र त्याच्याकडे नुसता उत्साह नव्हता, पुरावा होता. टीमचा पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांबरोबर, त्यांच्याच मैदानावर, सरावाचा सामना ठरला होता. तिकीट नाही, पेपरात बातमी नाही. पण कोच दुकान बायकोवर टाकून गेला आणि कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभा राहिला. परत आला तो तरंगतच.

"नऊ नंबर!" त्यानं दारातूनच जाहीर केलं. "उंच, काटक. एकट्यानं पाच गोल मारले! समोरच्यांचे बचावपटू नुसते खांबासारखे उभे. अगं, असा माणूस आपल्या टीमला माझ्या हयातीत मिळाला नव्हता. यंदा पहिल्या तीनात. लिहून घे."

बायकोनं लिहून घेतलं नाही. ती काउंटरवर बसून फ्रेमी पुसत होती आणि नवऱ्याकडे बघत होती. आत येताना तो उंबऱ्याला अडखळला होता, आणि अडखळण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. गेले काही महिने तो फ्रेमचा बारीक स्क्रू बोटांनी चाचपून बसवत होता. कामाच्या टेबलावर त्यानं दुसरा दिवा लावला, मग तिसरा, आणि हल्लीच्या बल्बांत दम नाही म्हणून कंपन्यांना शिव्या दिल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो तिला तीन दिव्यांखाली दिसत होता.

"तुमचे डोळे दाखवून या एकदा," ती म्हणाली.

"मी? गल्लीचे डोळे मी तपासतो!"

"म्हणूनच म्हणते."

"सीझन संपू दे," कोच म्हणाला. घरातली सगळी अवघड कामं याच वाक्याखाली गाडली जायची.

आठवडाभर नऊ नंबर गाजला. दुकानात आलेल्या प्रत्येकानं त्याचे पाचही गोल ऐकले. दर खेपेला ते थोडे थोडे लांबून मारलेले असत, पाचवा तर शेवटी शेवटी अर्ध्या मैदानातून मारलेला होता. मग एका दुपारी बायकोचा धाकटा भाऊ दुकानात टपकला. तो टीमच्या बसचा ड्रायव्हर. टीमला सामन्याला नेणं आणि हरल्यावर मुकाट परत आणणं, ही त्याची नोकरी.

"भाऊजी, तुम्ही कोणत्या नऊ नंबरबद्दल बोलताय?" त्यानं विचारलं. "सगळ्या बाजारात तुमचा नऊ नंबर फिरतोय."

"आपला! सरावाच्या सामन्यातला!"

मेव्हण्यानं आधी बहिणीकडे बघितलं, मग डोकं खाजवलं. "आपली पोरं पिवळ्या बनियनमध्ये होती, भाऊजी. पांढऱ्यातली पाणीपुरवठ्याची. तो नऊ नंबर त्यांचा. ते पाच गोल आपल्यावर झाले. येताना बसमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक हसायचं थांबेना.

"आणि त्याला तुम्ही ओळखता की," मेव्हणा बिचारा मदत करायला गेला. "तो मीटर वाचायला येतो ना, उंचसा? मागच्या महिन्यात इथे, याच खुर्चीला टेकून पाणी पिऊन गेला."

पण कोच काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "मग त्याला टीममध्ये घ्या!" तो गरजला. "हिरा गल्लोगल्ली मीटर वाचत फिरतोय आणि क्लबवाले झोपलेत!"

सगळे हसले. बायको तेवढी हसली नाही. पिवळं आणि पांढरं या माणसाला एकच दिसतंय, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. मोतीबिंदू कसा असतो हे तिला कोणी शिकवायला नको होतं. या दुकानात बसून तिनं तीस वर्षं तेच ऐकलं होतं.

तरीही कोच जागचा हलला नसता. त्याला हलवलं शाळेतल्या निवृत्त बाईंनी. त्या नवा चष्मा घेऊन गेल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी परत आल्या. जमीन तिरकी दिसते म्हणाल्या. "नवीन नंबराची सवय व्हायला वेळ लागतो, बाई," कोचनं सांगितलं. टीममधल्या नव्या खेळाडूंबद्दलही तो हेच सांगायचा. बाई भल्या. सवय करायला घरी गेल्या, आणि त्यानंतर एकदम आल्या त्या मनगटाला पट्टी बांधून. जिन्याची शेवटची पायरी चुकली होती.

बाई रागावल्या नाहीत. "माझंच वय झालं असेल," एवढंच म्हणाल्या, आणि ते रागावण्याहून वाईट होतं. त्या गेल्यावर बायकोनं चष्मा मशीनखाली धरून तपासला. उजवं भिंग कोनात चुकीचं बसलं होतं. जरासं नाही, चांगलंच.

"मशीन बिघडलंय," कोच म्हणाला.

"मशीन बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "टीम हरली की मैदान खराब, चष्मा चुकला की मशीन खराब. अहो, नाचता येईना अंगण वाकडं, किती दिवस चालणार? आज मनगटावर निभावलं. बाईंचं डोकं आपटलं असतं तर?"

कोचला लाज वाटली. आयुष्यात त्यानं टीमबद्दल वाटेल ते बोलून घेतलं, पण दिलेला चष्मा कधी चुकला नव्हता. तेवढा एकच अभिमान त्याच्याकडे असा होता, की ज्याला खरोखर आधार होता. तो दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी बायको त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता आणि कोचला ओळखून होता. "काका, समोरच्या भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचता?"

एवढा वेळ बिचकलेला कोच इथे सावरला. अक्षरांचा तक्ता सगळीकडे तोच, त्याच्या दुकानातला आणि इथला. वर्षानुवर्षं दिवसभर तोच ऐकलेला. त्यानं छाती पुढे काढली आणि खालची ओळ न अडखळता म्हणून टाकली. मग वरचीही म्हटली, विचारलेली नसताना.

डॉक्टरनं एकदा भिंतीकडे बघितलं. "काका," तो हळूच म्हणाला, "रंगकाम झालं म्हणून तक्ता काढून ठेवलाय. समोर आहे ते कॅलेंडर."

बायकोनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, हे कोचला त्या डोळ्यांनी कळणं शक्य नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा ताबडतोब करायचा, डावा महिन्याभरानं, असं ठरलं. "सीझन..." म्हणून कोचनं तोंड उघडलं, बायकोनं नुसतं बघितलं, आणि त्यानं ते मिटलं.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा कोच पोरासारखा हरखला. बायकोच्या साडीवर बुट्टे आहेत हे त्याला कळलं, आणि ती साडी घेऊन बरीच वर्षं झालीत हेही. दुकानात बसायची परवानगी मिळाल्यावर त्यानं सगळ्यात आधी बाईंचा चष्मा नव्यानं केला, स्वतः त्यांच्या घरी नेला, त्यांना जिन्यावरून खाली-वर करायला लावलं आणि चूक आपली होती असं स्पष्ट सांगितलं. मग तो मोकळ्या मनानं सीझनच्या पहिल्या सामन्याला गेला. सामना घरच्याच मैदानावर, बसला काम नव्हतं, म्हणून मेव्हणाही शेजारी होता.

आणि कोचला दिसलं. चार बचावपटू होते खरे, त्यातल्या दोघांची पोटं त्यांच्या आधी धावत होती. बॉल जवळ आला की गोलकीपर डोळे मिटत होता. ज्याला गल्लीत सगळे वाघ म्हणत, तो पास चुकला की वाकून गवत तपासत होता. प्रशिक्षक बाकावर बसून मोबाइल बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसली काळजीही नव्हती. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, तसे समोरचे येऊन गोल मारून जात होते. मध्यंतराला चार झाले. नेहमी प्रत्येक गोलनंतर रेफरीच्या सात पिढ्या उद्धरणारा कोच अवाक्षर बोलला नव्हता.

दुसरा हाफ सुरू झाल्यावर त्यानं हळूच उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"दुखतंय का भाऊजी?" मेव्हणा घाबरला.

"नाही रे. आता बरं दिसतंय."

"काय दिसतंय?"

"आपण दबाव टाकतोय," कोच म्हणाला.

डाव्या डोळ्याची तारीख आली. बायको पिशवी भरून दाराशी तयार उभी, आणि कोच खुर्चीतून उठेना.

"उजवा दुकानाला पुरतो," तो म्हणाला. "यापुढे कोणाचा चष्मा चुकणार नाही, तुझी शपथ. डाव्याला घाई नाही असं डॉक्टरही म्हणाला. तो राहू दे सीझनभर."

"का पण?"

कोच बराच वेळ फ्रेमी सारख्या करत राहिला. "अगं, त्या दिवशी सगळं दिसलं. एवढी वर्षं मी जे बघत होतो, ते तिथे नव्हतंच. फार वाईट वाटलं गं. आता एवढा एकच डोळा उरलाय, ज्यातून आपली टीम बरी खेळते."

बायकोनं पिशवी खाली ठेवली. या माणसावर चिडावं की याच्याजवळ जाऊन बसावं, हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"डावा डोळा सीझन संपल्यावर करू," ती म्हणाली. "पण डॉक्टर, तारीख आत्ताच धरून ठेवा, पुढच्या वर्षीचा सराव सुरू व्हायच्या आतली. एकदा का सरावाचे सामने सुरू झाले की या माणसाला दोन्ही डोळे नवे बसवून दिलेत, तरी काही दिसायचं नाही."