बांगडा

बोर्लीच्या बाजारात माझ्या मामाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत दोन टीव्ही लावून त्याने फायटिंगचे गेम ठेवले होते. कॉम्प्युटर क्लास सुटला की गावची एसटी येईपर्यंत मी तिथे बसायचे. सगळे मुलगे, मी एकटीच मुलगी. पण मालकाची भाची म्हणून कुणी वाकडं बोलत नसे.

गेममधल्या डावांची खरी नावं आम्हाला ठाऊक नव्हती. मग आम्हीच नावं पाडायचो. पकडून मागे फेकलं की ‘पोतं’. भराभर बुक्क्या म्हणजे ‘मिक्सर’. हवेत झेप घेऊन मारायची लाथ म्हणजे ‘गरुड’. हे नाव तिथल्या सगळ्यांत तरबेज मुलाने स्वतःच्या लाडक्या डावाला स्वतःच दिलं होतं. तो बारावीला होता, मी अकरावीला. मला एकच डाव धड जमायचा: खाली बसून समोरच्याच्या पायांवर सपकन लाथ फिरवायची. त्याला तो ‘झाडू’ म्हणाला. नाव मलाही आवडलं होतं.

माझी आई सरकारी दवाखान्यात सफाईला होती. एकदा तो औषधाला तिथे गेला आणि त्याने तिला अंगण झाडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी ती लाथ मारली, तसा तो ओरडला, "आली रे आली, आईचा झाडू घेऊन आली!"

सगळे खो खो हसले. मामाही हसला. आईचा सख्खा भाऊ. ओठ दाबून का होईना, पण हसला. तेव्हापासून तिथे त्या डावाचं ‘आईचा झाडू’ हेच नाव झालं.

मी रडले नाही. दोन आठवडे खेळलेही नाही. त्याच्या बाजूला बसून त्याला नुसती बघत राहिले. हरायला आला की तो गरुडच मारायचा, आणि त्याआधी न चुकता खुर्चीत पुढे सरकायचा. सकाळी दुकान झाडायच्या निमित्ताने मी लवकर जाऊन सराव केला. त्याचा गडी खाली उतरतो त्या क्षणी पायांवर लाथ बसली, तर तो आडवा होऊन जमिनीवर दोनदा उसळतो, हे मला कळलं.

मग एका शनिवारी दुकान भरलेलं असताना मी म्हटलं, "चल, खेळतोस?"

हरायला आला तसा तो खुर्चीत पुढे सरकला. मी माझा गडी खाली बसवून लाथ फिरवली. त्याचा गडी उताणा पडून तडफडला.

"बांगडा," मी म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा चौघे हसले. तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत अख्खी खोली ओरडली, "बांगडा!"

"बटन अडकतंय," तो म्हणाला.

"कालच बदललंय," मामा म्हणाला.

आठवड्याभरात ते नाव डावावरून त्याच्यावर आलं. क्रिकेटच्या मैदानात, कॉलेजात सगळीकडे बांगडा. महिन्याने तो मला एसटी स्टँडवर भेटला. "बंद कर ना ते," तो म्हणाला. "घरी बहिणी पण तेच बोलायला लागल्यात. झाडूचं तर मी कधीच सोडलं."

"मी नाही सोडलं," मी म्हणाले.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. मी आईला सगळं फुशारकीने सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "झाडूच हाय ना माझ्या हातात? त्यात तुला इतकं झोंबण्यासारखं काय होतं?" त्या रात्री मी जेवले नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. गेल्या वर्षी शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर हरिहरेश्वरला गेले होते. दर्शन झाल्यावर कोकम सरबत प्यायला एका टपरीवर थांबलो. मागे बर्फ फोडत तोच उभा होता. रिक्षातून कुणीतरी हाक मारली, "काय बांगड्या!" सरबत देणारी त्याची बायको हसली. मी त्याच्याकडे बघतेय हे पाहून म्हणाली, "ओळखता काय ह्यांना? ह्यांना बांगडा का म्हणतात ते मला सांगतच न्हाय."

तो बर्फ फोडायचा थांबला. माझ्याकडे बघून त्याने जरा मान हलवली. नको, असं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आईपासून. ती आधी हसत होती, मग हसायची थांबली. "दुसऱ्याच्या आईवरनं बोललात?" तिने वळून त्याला विचारलं.

तो खाली बघून पुन्हा बर्फ फोडायला लागला. मला फार बरं वाटलं. मी आणखी एक सरबत मागवलं आणि तिथेच उभी राहून सावकाश प्यायले.