नवव्या नंबरचं घर

धुळ्यात आम्ही बिऱ्हाड मांडलं, तेव्हा महायुद्ध लागायला दोन-तीन वर्षं होती. यजमान हायस्कुलात शिक्षक. माझं माहेर नाशिककडचं, त्यामुळे गल्लीतली खानदेशी बोली मला निम्मी कळे आणि निम्मी मी अंदाजानं भरून काढी. याद्या करण्याची सवय मात्र माझी स्वतःची. किराण्याची यादी, धुण्याची यादी, कोणाकडे हळदीकुंकवाला जायचं राहिलं त्याची यादी.

त्या उन्हाळ्यात वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका प्राध्यापकांनी समाजशास्त्र म्हणून नवाच विषय घेतला. बायकांच्या बाकांवर मी वही घेऊन बसले होते. सांगणं साधं होतं. शेजारीपाजारी रोज जे करतात ते आधी नीट पाहा, लिहून ठेवा. आपलं मत मागाहून. मला वाटलं, हे तर मी जन्मभर करत आले! घरी येताना मी यजमानांना म्हटलं, "मला समाजशास्त्र येतं." ते म्हणाले, "मग आधी चहाचं शास्त्र दाखव."

चैत्र संपत आला होता. गल्लीतल्या बायका उडदाचे पापड एकमेकींच्या घरी जाऊन लाटतात, एवढं मी पाहिलं होतं. कोण कधी कोणाकडे जाणार हे मात्र कुणालाच सांगता येईना. विचारलं की "जाऊ ना" एवढंच उत्तर. हा कारभार मला बघवेना. मी गल्लीतली नऊ घरं कागदावर मांडली, रस्त्याच्या बाजूनं नंबर घातले आणि नऊ दिवस ठरवले. पहिलं घर आमचं होतं, तो काही माझा दोष नव्हता. मग दारोदार जाऊन प्रत्येकीला तिचा दिवस सांगून आले. कुणी नाही म्हटलं नाही. शेवटच्या घरातल्या नानींना मी म्हटलं, "तुमचा नंबर नववा, नानी." त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

सोमवारी पहाटे मी पाच शेर पीठ भिजवलं. पापडखार, हिंग, मिरी सगळं मोजून. यजमानांनी बाह्या सारून ते कुटलं आणि दर दहा घावांनी थांबून "समाजशास्त्र फार कठीण आहे" असं म्हटलं. सात वाजता मी ओट्यावर सतरंजी घातली. आठ वाजले. कुणी आलं नाही.

उडदाचं कुटलेलं पीठ थांबत नाही. ऊन चढलं की वरून कोरडं पडतं, मग लाटायला घेतलं की कडा फाटतात. पाच शेर मी एकटी लाटणं शक्य नव्हतं. वर्षाचे पापड जाणार होतेच, पण मला खरी धास्ती वेगळी होती. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या बाईच्या दारी पहिल्याच वेळी गल्ली आली नाही, तर ती पुढे कधी येणार?

मी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि निघाले. दुसऱ्या घरी उत्तर मिळालं, "आज जमाव नही, मास्तरीणबाई. सासूनं डोकं दुखस." तिसऱ्या घरीही सासूचं डोकं दुखत होतं. चौथ्या घरी सासू अंगणात मिरच्या निवडणाऱ्या मोलकरणीवर खणखणीत आवाजात ओरडत होती, तरी तिचंही डोकं दुखत होतं. पाचव्या घरात सासूच नव्हती, तिथे नवऱ्याचं दुखत होतं.

रस्त्यात मी थांबले. एकीनं सबब सांगितली तर ती सबब. चौघींनी एकच सांगितली, तर ती सबब नव्हे, तिच्यामागे काहीतरी कायदा आहे आणि तो मी मोडला आहे. व्याख्यानातलं "आधी पाहा" मी विसरले होते. पाहण्याआधीच नंबर घालून मोकळी झाले होते.

समोरच्या घरातल्या अक्का वयानं मोठ्या आणि तोंडानं फटकळ. मी सरळ त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले. "अक्का, डोकेदुखी राहू द्या. माझं काय चुकलं ते सांगा."

अक्का हसल्या. "नानीले तुम्ही नववा नंबर दिधा."

"शेवटचं घर आहे ना त्यांचं."

"नानाले जाईसन अजून वरीस नही झायं." मग त्यांनी मला समजेल अशा बेतानं सांगितलं. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं, ते घर आपणहून वाळवणाला हात लावत नाही. गल्लीनं आपलं पीठ घेऊन जायचं, पहिला पापड तिथे लाटायचा, मग इतर घरं मोकळी. त्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याजणी, गुरुवारी नानींकडे जाणार होत्या.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"हाई काय सांगानी गोष्ट शे? नानीसमोर कोन बोली?"

बरोबर होतं. सांगायचं तर नानांचं मरण तोंडावर आणायचं. म्हणून ते कुणी बोलत नव्हतं, आणि न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

"अक्का, माझ्या पाच शेरांचं काय करू?"

"तठेच लई जा. पीठ भायेरनंच लागस."

परातीची एक बाजू मी धरली, दुसरी अक्कांनी. गल्लीतून निघालो तसं एकेका दारात डोकेदुखी बरी होऊ लागली. मिरच्यांवाली सासू तर पोळपाट घेऊन आमच्या पुढेच चालू लागली.

नानी दारात उभ्या होत्या. त्यांनी परात पाहिली, मागून येणाऱ्या बायका पाहिल्या. क्षणभर पदर तोंडाशी गेला. मग म्हणाल्या, "काय मास्तरीणबाई, मन्हा नंबर आजच लागना?"

बायका इतक्या हसल्या की शेजारची शेळी दावं ओढू लागली. नानींनी फळीवरचा पोळपाट काढून पुसला. कच्ची लाटी तेल लावून चाखली आणि पहिला पापड लाटता लाटता निकाल दिला, "मीठ कमी शे."

दुपारपर्यंत पाच शेर संपले. पहिल्या पिठाचे पापड त्याच घरी ठेवायचे अशी रीत, म्हणून उन्हं उतरल्यावर वाळलेले पापड नानींच्या डब्यात राहिले आणि मी रिकामी परात घेऊन घरी आले. यजमानांनी विचारलं, "आपले पापड?" मी म्हटलं, "आपले अजून व्हायचेत."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार वाजलं. ओट्यावर नानी होत्या. डोक्यावर स्वतःच्या घरच्या पिठाची परात, मागे गल्लीतल्या बाकीच्या सातही घरांच्या बायका. मी सतरंजी शोधायला आत वळले, तर नानी ओरडल्या, "ती ऱ्हाऊ द्या! पहिले मीठ चाखा."

मी चाखलं. अगदी बेताचं होतं.