न झोपणारा वेल

मामा परत आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत आमच्यासाठी म्हणून काहीच नव्हतं. ना साबण, ना चॉकलेट, ना आईला एखादं कापड. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चार वाळक्या काड्या तेवढ्या निघाल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! मी तेव्हा उत्तनच्या शाळेत बालवर्ग शिकवत होते. बोटीवरच्या मामाकडून चारचौघींत मिरवायला काहीतरी मिळावं, एवढीही आशा करू नये का माणसाने?

"द्राक्षाच्या हायेत," मामा म्हणाला. "जपून धर."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आजी लवकर गेली, म्हणून आईनेच त्याला वाढवला. फ्रान्समध्ये लुआर नावाची नदी आहे, तिच्या मुखाशी बोट लागलेली असताना त्याचा पाय मोडला. बोट त्याला तिथेच टाकून निघाली. पाय बरा झाल्यावर हा पठ्ठ्या घरी यायचं सोडून नदीकाठच्या एका म्हाताऱ्याच्या द्राक्षमळ्यात कामाला राहिला. इकडे आई देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मेणबत्त्या लावून लावून थकली.

आला खरा, पण मन काही आलं नाही त्याचं. जेवताना मध्येच उठायचा, दारात जायचा, परत बसायचा. बोंबील वाळत घातले की त्यांच्या मधून फेऱ्या मारायचा. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन लांबच्या बोटी बघायचा. त्याच्याकडे बघून मलाच कसंतरी व्हायचं. आई तर सतत त्याच्या पावलांकडे कान लावून असायची.

एका काडीने मूळ धरलं. विहिरीजवळ, माडांच्या रांगेला लागून त्याने ती लावली, आणि मग आमच्या घरात त्या नदीशिवाय दुसरी गोष्ट राहिली नाही. तिथला दगड पांढरा आणि इतका मऊ, की करवतीने कापतात. टेकडी कोरून आत पिंपं ठेवतात. बाहेर बर्फ पडो की ऊन, आत गारवा तोच. सकाळी नदीवरून धुकं चढतं, दुपारी विरतं, द्राक्ष सावकाश पिकतं. मळ्याचा म्हातारा मातीची चिमूट जिभेवर ठेवायचा आणि कुठल्या तुकड्यातली वाइन कशी उतरेल ते सांगायचा. मामालाही तीच खोड लागली होती. आमच्या अंगणातली माती चाखून तो थुंकायचा, आणि शेजारीपाजारी खो खो हसायचे.

"थंडीत वेल छाटला की मेल्यासारखा झोपतो," मामा सांगायचा. "झोपला तरच धरतो. समुद्र जवळ, म्हणून थंडी जीव घेत न्हाय."

"समुद्र आपल्याकडंबी हाय की," आई म्हणायची.

"आपला समुद्र नुसता घाम काढतो, बाय."

नाताळला आईने नेहमीसारखी काळ्या मनुकांची वाइन केली होती. दारूबंदीचे दिवस, पण चिनी मातीच्या बरणीतल्या त्या वाइनला आमच्यात कोणी दारू म्हणत नसे. मामाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शरबत हाय." आईचा चेहरा पडला. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "ह्या वेलाला एक घोस जरी लागला ना, तर मी परत बोटीवर जाणार न्हाय. हितंच राहीन. शब्द देतो."

झालं! आईने तो शब्द पदरात बांधून घेतला.

वेल वाढला, अगदी माजल्यासारखा. विहिरीच्या रहाटावर चढला, माडावर चढला. पण पानंच पानं, फुलाचं नाव नाही. थंडीत मामाने तो बुंध्यापर्यंत छाटला, तर आठवड्याच्या आत पुन्हा कोंब! मग तो रोज सकाळी उठून कोवळी पानं हाताने खुडू लागला. वेलाला झोप यावी म्हणून माणूस पानं खुडतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारचा म्हातारा कुंपणावरून ओरडायचा, "अरे, अंगाई म्हण त्याला, अंगाई!"

"ह्याला झोप न्हाय," मामा मला एकदा म्हणाला. "माझ्यासारखाच हाय."

तिसरा पावसाळा सरला तरी घोस नाही. मामा पुन्हा मुंबईला गोदीत चौकशीला जाऊ लागला. आईचं जेवणातलं लक्ष उडालं. एका दुपारी बघते तर गावातली सगळी मांजरं वेलाच्या बुंध्याशी उकरतायत. मी त्यांना हाकलायला गेले. मातीत माशांची घाण होती, आणि तिच्याखाली पांढराशुभ्र थर. मीठ! भाईंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ, पाटीभर.

"आय, हे काय केलंस गं?"

"वरडू नकोस," आई म्हणाली. "माड धरत न्हाय तवा काय करतो आपण? मीठ घालतो. धरतो का न्हाय मग?"

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माडाला असंच करतात. मी उकरून काढलं तेवढं काढलं, पण तिने आधीच वर घागरीमागून घागरी ओतल्या होत्या. चार दिवसांत पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपल्या. मामा गोदीतून आला, बुंध्याशी बसला आणि मातीची चिमूट जिभेवर ठेवली. आई दारात उभी होती. ती कशी उभी होती ते मला आजही आठवतं.

मामा थुंकला. "खारा वारा लागला," एवढंच म्हणाला, आणि आत जाऊन ट्रंक काढली.

त्याला पोचवायला आम्ही दोघी एसटीच्या थांब्यावर गेलो. बस दिसली तशी आईला राहवलं नाही. "वारा न्हाय रे. मीठ मी घातलं."

"ठाऊक हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो, तर तू दुसरा लावायला लावला असतास."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "म्हंजे घोस लागला असता तरी तू जाणार होतास?"

मामाने ट्रंक उचलली आणि बसमध्ये चढला. मामा असला म्हणून काय झालं, मला त्याला खाली ओढून एक ठेवून द्यावीशी वाटली. आई मात्र बस वळेपर्यंत हात हलवत होती.

त्यानंतर आईने माडांनाही कधी मीठ घातलं नाही. मी म्हटलं, तर म्हणायची, राहू दे. माड आपले दरवर्षी धरतच राहिले.