इस्त्री केलेला हार्ट अटॅक

आमच्या गल्लीत टाय लावून कचरा टाकायला उतरणारा माणूस एकच, एजिदियोकाका. बाकीचे आम्ही अंधार पडायची वाट बघतो आणि पायजम्यावरच पळत जाऊन येतो. काका उजेडात जातात, सावकाश जातात, आणि पिशवी अशी धरतात की आत उरलेली मासळी नसून कुणाच्या तरी लग्नातला आहेर असावा.

"कचऱ्याच्या डब्यापाशी कोण भेटेल, सांगता येतं का?" ते विचारतात.

माझ्या माहितीप्रमाणे त्यांना तिथे आजवर फक्त मांजरं भेटली आहेत. पण मांजरांमध्ये काकांचं नाव फार चांगलं आहे.

काका पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. उभा जन्म खिडकीमागे बसून काढला. लोकांना ते फक्त कमरेच्या वर दिसायचे, तरी पँटची घडी अशी की तिने पाव कापावा. मी एकदा म्हटलं, "काका, खालचा भाग कुणाला दिसत होता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. "मला माहीत होतं ना," ते म्हणाले, "बुटाला पॉलिश नसेल तर माणसाच्या आवाजात येतं ते." खात्याचं पाणी दिवसाआड यायचं, कधी तेही यायचं नाही. पण तक्रार करायला आलेले लोक काकांची कॉलर बघून गप्प परत जायचे. खात्याला याहून स्वस्त उपाय सापडला नसता.

रोज संध्याकाळी आमचं अख्खं गाव चर्चपासून पोस्टापर्यंत चालत जातं आणि चालत परत येतं. पोस्टात काम नसतं, चर्चमध्ये तर त्याहून नसतं. काम असतं ते एकमेकांच्या बुटांकडे बघण्याचं. या फेरीत एजिदियोकाका म्हणजे न नेमलेले परीक्षक. त्यांचे निकाल फुकट आणि मोठ्या आवाजात मिळतात.

"काय रे नीनो, शर्टाला इस्त्री केलीस की शर्टावर झोपलास?"

"काका, लिननचा आहे. चुरगळतोच."

"लिननने चुरगळावं, पण अंगावर. तुझं कपाटातच चुरगळतं."

माझ्या बायकोसमोर हे झालं. ती अजून हसते आहे.

काकांकडे कपडे फार नाहीत. दोन सूट, तीन जोड बूट, आणि लग्नात नाझारियो शिंप्याने शिवलेला एक कोट, जो आजही त्यांना होतो. कोट तसाच ठेवण्यासाठी त्यांनी स्वतःलाही तसंच ठेवलंय. घरी आले की कोट ब्रशने झाडून रात्रभर खुंटीवर मोकळा लटकवायचा, लगेच कपाटात कोंबायचा नाही. बूट रोज बदलायचे, कारण चामड्यालाही रविवार लागतो. केस दर पंधरवड्याला थोडे थोडे कापायचे, म्हणजे आज कापले असं कुणाला कळत नाही. टाय आणि वरच्या खिशातला रुमाल एकाच कापडाचा नको, नाहीतर माणूस दुकानातून खोक्यासकट उचलून आणल्यासारखा दिसतो. अत्तर फक्त मिठी मारणाऱ्याला कळावं. रस्त्यापलीकडे कळलं तर ती जाहिरात झाली. मी यातलं एकही पाळत नाही, पण सगळं पाठ आहे. गल्लीत सगळ्यांनाच पाठ आहे.

आणि पायजमा. आमच्याकडे प्रत्येक घरात एका खणात एक कोरा पायजमा ठेवलेला असतो. तो रोज घालायचा नाही, हॉस्पिटलसाठी ठेवायचा. उद्या अचानक न्यावं लागलं तर परक्या नर्सबाईंसमोर गुडघ्यावर विरलेला पायजमा? त्यापेक्षा आजार परवडला. काकांचा तो पायजमा निळ्या रेघांचा, शिंपल्याच्या बटणांचा. दरवर्षी ईस्टरच्या आधी तो खणातून निघायचा, त्याला इस्त्री व्हायची, आणि तो परत खणात जायचा. फिलोमेनाकाकू म्हणायच्या, "या पायजम्याला माझ्यापेक्षा जास्त सुट्टी मिळते."

हे सगळं असं व्यवस्थित चाललं होतं, तेवढ्यात एका रविवारी सकाळी काकांच्या छातीत दुखायला लागलं.

त्या दिवशी त्यांच्या घरी काकूंचा भाऊ कताल्दो आला होता, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला. कताल्दो हा काकांच्या आयुष्यातला डाग. दाढीचे खुंट, ताणलेलं बनियन, आणि पोट असं की बनियनशी कायमचं भांडण. रविवारी तो चर्चला जात नाही, नळ दुरुस्त करतो, आणि गाणी म्हणतो. तो सिंकखाली उताणा पडून गात होता, आणि काका न्हाणीघरात दाढी करत होते. एक गाल झाला आणि वस्तरा हातातून पडला.

काकूंची हाक ऐकून मी समोरून धावत गेलो. काका टबच्या कडेवर बसले होते, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण. घाम फुटला होता, डावा हात दाबून धरला होता.

"ॲम्ब्युलन्स बोलावलीय," काकू म्हणाल्या. "एजिदियो, आडवा हो. अरे, आडवा हो म्हणते ना!"

"असा?" काकांनी साबणाकडे बोट दाखवलं.

"मरतोयस तू!"

"मग तर नक्कीच दुसरा गाल करायला हवा."

मी हात धरायला गेलो तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नीनो, तू खाली जा, गाडी काढ. फिलोमेनाला मागून घेऊन ये. आणि येण्याआधी पायात मोजे घाल." जीव जायला आलेला माणूस माझे मोजे मोजत होता. मी गाडी आणायला गेलो, आणि तीच चूक झाली. कारण काकू आतल्या खोलीत पायजमा शोधत होत्या, आणि पुढचा प्रसंग अडवायला शुद्धीवरचं कुणीच जागेवर नव्हतं.

तो प्रसंग नंतर मला तिघांकडून कळला, आणि तिघेही आपापली बाजू धरून आहेत. काकांनी दुसरा गाल केला. पांढरा शर्ट घातला. टाय बांधला, गाठीखालची खळी मनासारखी पडली नाही, म्हणून सोडून परत बांधला. रुमाल खिशात ठेवला. आणि ॲम्ब्युलन्सची दोन तरुण मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, खुर्ची घेऊन धडधडत वर आली, तेव्हा दारात राखाडी सुटातला, एक हात पँटच्या खिशात घातलेला, भव्य माणूस उभा.

"सिन्योर, पेशंट कुठे?" मुलीने विचारलं.

काका उत्तर देण्यापूर्वी श्वास गोळा करत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कण्हण्याचा आवाज आला. मुलं आत धावली. सिंकखाली एक जाडा माणूस उताणा, चेहरा लाल, बनियन चिंब, दाढी वाढलेली, तोंडाने आई आई करत पाइप पिळतोय. याहून आजारी माणूस त्यांनी त्या महिन्यात पाहिला नसेल.

"हलू नका! बोलू नका!"

"अहो, मी नाही! तो! तो बाहेर उभाय तो!"

"हो हो, ते येतायत बरोबर. काळजी करू नका."

"माझा नळ!"

"भ्रम होतोय," मुलगी मुलाला म्हणाली, आणि त्यांनी कताल्दोला खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं.

आता प्रश्न असा, की काका का बोलले नाहीत? मी त्यांना हे कितीदा विचारलं. ते म्हणतात, दम नव्हता. असेल. पण नेमकं तेव्हा चर्च सुटलं होतं. अख्खं गाव मिठाईची खोकी रिबिनीने बोटाला अडकवून आमच्या गल्लीतून घरी निघालं होतं. त्या गर्दीसमोरून चादरीखाली आडवं होऊन, बूट वर करून जायचं, की ड्रायव्हरने दार उघडून "या वकीलसाहेब, पुढे बसा" म्हटल्यावर पुढे बसायचं? आमच्याकडे टाय नीट असलेल्या कुणालाही वकीलसाहेब म्हणतात, पण काकांना तो शब्द दरवेळी नवा वाटतो. जायचं तर शेवटी हॉस्पिटललाच, असा त्यांनी विचार केला. ते पुढे बसले. सायरन वाजत होता, मागे कताल्दो ओरडत होता, आणि काका खिडकीतून लोकांना मान हलवून नमस्कार करत होते. लोक हळहळले. "बिचारा एजिदियो! मेव्हण्यासाठी किती करतो!"

मी काकूंना घेऊन हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा काकूंच्या मांडीवर पायजम्याचं खोकं होतं. काका बाहेरच्या बाकावर बसले होते, पायावर पाय टाकून, पाठ ताठ, गालांवर छान तजेला. आतून कताल्दोचा आवाज येत होता. त्याच्या छातीवर वायरी चिकटवल्या होत्या आणि तो त्या एकेक करून उपटत होता.

तेवढ्यात तरुण डॉक्टर बाहेर आल्या, उत्तरेतल्या मोठ्या शहरातल्या, तोरिनोकडच्या, घाईतल्या.

"वकीलसाहेब, तुमच्या नातेवाइकाचं हृदय बैलासारखं आहे. एकदा आंघोळ घाला, बाकी ठणठणीत."

"डॉक्टर," काका हळूच म्हणाले, "दुखतंय ते मला."

"साहजिक आहे. धसका बसतो. पाणी प्या थोडं."

"अहो बाई, पेशंट हाच!" काकू किंचाळल्या. "हा! माझा नवरा!"

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. टायची खळी, बुटांचा आरसा, रुमालाचं टोक. मग स्वतःच्या कॉफी सांडलेल्या कोटाकडे पाहिलं. "मावशी," त्या थकून म्हणाल्या, "हे माझ्यापेक्षा बरे दिसतायत."

आणि आमचे काका हसले. समाधानाने हसले! छातीत घण पडतायत, बोटं गार पडलीयत, आणि या माणसाला एका तोरिनोच्या बाईने दिलेलं प्रशस्तिपत्र सुखावतंय. ते हसू पाहून डॉक्टर आत जायला वळल्यासुद्धा.

मग फिलोमेनाकाकूंनी जे केलं ते आमच्या गावात कुणी केलं नव्हतं. त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं, दोन्ही हात नवऱ्याच्या केसांत घातले आणि घुसळले. चाळीस वर्षं त्या केसांना फक्त कंगव्याने स्पर्श केला होता. मग टाय ओढला. कॉलरचं बटण तुटून बाकाखाली गेलं. शर्ट पँटमधून खेचून बाहेर काढला.

"फिलोमेना," काका कुजबुजले, "लोक बघतायत."

"बघू देत! बघायलाच आणलंय!"

आणि त्यांनी काकांच्या वरच्या खिशातला रुमाल ओढला. कुठल्याही नाकाला कधी न लागलेला तो रेशमी रुमाल थुंकीने ओला केला आणि त्याने काकांचे गाल खसाखसा पुसले. रुमाल गुलाबी झाला. गाल राखेसारखे झाले.

काकूंच्या आरशापुढच्या डबीतला रंग होता तो. दाढी झाल्यावर आरशात चेहरा फार उतरलेला दिसला, म्हणून काकांनी थोडासा लावला होता. प्रमाण मात्र अचूक; कुणालाच कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी तो चेहरा पाहिला आणि त्या आतल्या माणसांवर अशा ओरडल्या की कताल्दो स्वतःहून पलंगावरून उतरला. काकांना त्याच पलंगावर घातलं, अजून गरम होता. कात्रीने शर्ट कापला. नर्स सांगत होती, इंजेक्शनला हूं की चूं न केलेला पेशंट कात्रीचा आवाज ऐकून रडला.

वाचले. थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर बरंच काही म्हणाल्या, पण काकांनी त्यातलं ऐकलं एवढंच, की निळ्या रेघांचा पायजमा वॉर्डात सगळ्यांना आवडला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दाढी करून बसला. आठवड्याने अख्खा वॉर्ड भांग पाडून औषधं घेत होता. कताल्दो रोज भेटायला यायचा, त्याच बनियनवर, आणि दारातला पहारेकरी रोज त्याला खाटेकडे ढकलायचा.

घरी पाठवताना डॉक्टर दरडावून म्हणाल्या, "पुन्हा दुखलं तर जसे असाल तसे आडवे व्हा. आजारी दिसायला लाजू नका. समजलं?"

"समजलं," काका म्हणाले. मला वाटलं, चला, एक माणूस सुधारला.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला नाझारियो शिंप्याकडे नेलं. घरात घालायचा एक लांब झगा शिवायला टाकला होता. कापड हिरवट राखाडी, असं की त्यात गुलाबी बाळसुद्धा कावीळ झाल्यासारखं दिसावं. गळा मोठा, बटणं नाहीत, ओढली की सुटणारी दोरी. काका आरशासमोर उभे राहिले, एक हात छातीवर ठेवला, खांदा थोडा पाडला.

"कसं दिसतंय?"

"काका, तुम्ही मेल्यासारखे दिसताय."

"मेल्यासारखं नको. मरणाच्या दारात. नाझारियो, खांद्यात अजून बोटभर सैल कर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरांचं खरं आहे. आजारी माणूस आजारी दिसायलाच हवा. पण नीट आजारी दिसायला हवा."

फिलोमेनाकाकू दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी झगा पाहिला, दोरी ओढून पाहिली, सुटली. मान डोलावली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आणि केस?"

काकांचा हात आपोआप डोक्यावर गेला. "केसांचं काय?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "ते माझ्याकडे."